जमीन मिळाली, पुढे काय? ग्रीसच्या शेतीप्रश्नाचा आढावा

ग्रीसच्या शेतीत आज बडा जमीनदार शोधून सापडत नाही. युरोपात ही गोष्ट साधी नाही. स्पेन आणि इटलीच्या दक्षिण भागात हजारो एकरांच्या इस्टेटी दुसऱ्या महायुद्धानंतरही टिकून होत्या. हंगेरीत महायुद्ध संपेपर्यंत सरदारांची जमीन सरदारांकडेच होती. ग्रीसमध्ये मात्र १९३० च्या दशकापर्यंत मोठी जमीनदारी जवळपास निकालात निघाली, आणि तीही शेतकऱ्यांच्या क्रांतीवाचून, कायद्यांनी आणि सरकारी हुकमांनी. कसणारा मालक झाला. तरीही तो कर्जात राहिला, पिढ्यान् पिढ्या परदेशी जात राहिला, आणि आजही हिवाळा आला की ट्रॅक्टर घेऊन महामार्गावर उतरतो. माझं मत आधीच मांडतो. जमीन वाटली यात काही चुकलं नाही, ती आणखी लवकर वाटायला हवी होती. पण ग्रीक सरकारांनी जमीन दिली ती बहुतेक वेळा स्वतःवर आलेलं संकट निभावण्यासाठी. संकट टळलं की जमिनीबरोबर जे द्यायचं, म्हणजे पाणी, पत, बाजार आणि मालकीची चोख नोंद, ते अर्ध्यावर राहिलं.

प्रश्न फार जुना आहे. हेसिओडने बिओशियातल्या आपल्या गावात बसून शेतीच्या कामांवर जे काव्य रचलं, त्याच्या मुळाशी भावाभावांतला वाटणीचा तंटाच आहे. पुढे अथेन्सभोवतालच्या आटिका प्रदेशात गरीब कुटुंबं धनिकांच्या जमिनी हिश्शाने कसत आणि कर्ज फिटलं नाही तर बायकामुलांसह गुलामीत विकली जात. बोजा असलेल्या जमिनीत दगड रोवलेले असत. इ.स.पू. ५९४ मध्ये सोलोनने ते दगड उपटले, कर्जं रद्द केली आणि माणूस तारण ठेवून कर्ज द्यायला बंदी घातली. जमीन सगळ्यांना सारखी वाटा ही मागणी मात्र त्याने नाकारली. स्पार्टामध्ये इ.स.पू. तिसऱ्या शतकात चौथ्या एजिसने फेरवाटप करायचं ठरवलं, तर त्याला फाशी देण्यात आली. काही वर्षांनी तिसऱ्या क्लिओमेनीसने ते करून दाखवलं, पण लढाईत हरला आणि वाटपही त्याच्याबरोबर बुडालं.

बायझंटाइन काळातला एक कायदा इथे सांगायलाच हवा, कारण तो आजही वाचण्यासारखा आहे. इ.स. ९२७-२८ च्या हिवाळ्यात भयंकर थंडी पडली, जमीन महिनोन् महिने गोठून राहिली आणि दुष्काळ आला. उपाशी शेतकऱ्यांच्या जमिनी अधिकारी, सरदार आणि मठ यांनी कवडीमोलाने घेतल्या. सम्राट रोमानोस लेकापेनोसने ९३४ मध्ये हुकूम काढला की अशा जमिनी परत करायच्या, आणि रास्त किमतीच्या निम्म्याहूनही कमी पैसे दिले असतील तर भरपाईसुद्धा मागायची नाही. सम्राटाला शेतकऱ्यांचा कळवळा असेलही. पण सारा भरणारा आणि फौजेला माणूस पुरवणारा हाच छोटा शेतकरी होता, तो संपला तर साम्राज्य कशावर चालणार, ही त्याची खरी चिंता होती. राज्याची गरज आणि कुळाचा हक्क यांची ही सांगड ग्रीसच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

ऑटोमन राजवटीत जमीन तत्त्वतः सुलतानाची होती. कसणाऱ्याला वहिवाटीचा हक्क असे. तो दशमांश भरी आणि सहसा जमिनीवरून हुसकला जात नसे. सतराव्या-अठराव्या शतकांत केंद्राची पकड सैलावली, तशी मैदानातली गावंच्या गावं स्थानिक बड्यांच्या खासगी इस्टेटी बनली. या इस्टेटींना चिफ्लिक म्हणत. यानिनाचा अली पाशा आणि त्याची मुलं यांनी एपिरस आणि थेसलीत अशा शेकडो इस्टेटी बळकावल्या. डोंगरातली गावं गरीब होती, पण बरीचशी मोकळी होती. सुपीक मैदान आणि त्यातला बांधील शेतकरी असं जोडसमीकरण तेव्हा जे बसलं, ते सुटायला १९२३ उजाडावं लागलं.

१८२१ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. पेलोपोनीजमधली मुस्लिम वस्ती कत्तलीत मारली गेली किंवा परागंदा झाली, आणि तिची जमीन नव्या राष्ट्राच्या नावावर लागली. या ‘राष्ट्रीय जमिनी’ म्हणजे नव्या देशाच्या हाती असलेली सर्वांत मोठी ठेव होती. लढलेल्या शेतकऱ्यांना वाटलं, आता ती आपली. पण १८२४ आणि १८२५ मध्ये लंडनच्या बाजारात युद्धासाठी कर्जं उभारली तेव्हा याच जमिनी तारण दाखवल्या होत्या. शिवाय गावोगावचे श्रीमंत पुढारी लिलावाची वाट पाहत होते. लिलाव झाला असता तर जमीन त्यांच्याच घशात गेली असती. सरकारने धड लिलावही केला नाही आणि वाटपही केलं नाही. शेतकरी सरकारी कूळ म्हणून कसत राहिला आणि उत्पन्नाचा साधारण चौथा हिस्सा भरत राहिला. पहिले राष्ट्रप्रमुख कापोदिस्त्रियास यांनी १८२९ मध्ये तिरिन्सला शेतीशाळा काढली आणि बटाट्याच्या लागवडीसाठी खटपट केली. १८३१ मध्ये नाफ्प्लिओत चर्चच्या दारात त्यांचा खून झाला. राजा ओथोनच्या काळात १८३५ मध्ये वाटपाचा एक कायदा झाला, त्याचा फायदा थोड्यांनाच मिळाला.

खरं वाटप झालं ते १८७१ मध्ये, पंतप्रधान कुमुन्दुरोस आणि त्यांचे अर्थमंत्री सोतिरोपुलोस यांच्या कायद्याने. कसणाऱ्यांना जमीन हप्त्यांनी विकत दिली. पुढच्या चाळीस वर्षांत सुमारे २ लाख ६५ हजार हेक्टर जमीन साडेतीन लाखांहून अधिक तुकड्यांत वाटली गेली. भागाकार केला तर एका तुकड्याला पाऊण हेक्टर येतो. ग्रीसमध्ये जमीन स्ट्रेमात मोजतात. एक स्ट्रेमा म्हणजे हजार चौरस मीटर, आपल्या मापाने जवळजवळ दहा गुंठे. तेव्हा जुन्या ग्रीसमधला शेतकरी सात-आठ स्ट्रेमांच्या एकेका तुकड्याचा मालक झाला. इंग्लंड-आयर्लंडमधली तेव्हाची कुळांची अवस्था पाहता हे पाऊल धाडसाचं होतं, हे मान्य केलं पाहिजे.

एवढ्याशा रानात गहू पिकवून घर चालत नाही. त्यात लावायचं ते नगदी पीक, आणि पेलोपोनीजमध्ये ते होतं बारीक काळा बेदाणा, म्हणजे करंट. इंग्लंडच्या नाताळच्या पुडिंगात हा बेदाणा जाई, त्यामुळे बाजार होता पण मर्यादित. १८७० च्या दशकापासून फ्रान्सच्या द्राक्षबागा फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने उद्ध्वस्त झाल्या. फ्रेंच दारूवाले ग्रीक बेदाणा भिजवून त्याची वाइन करू लागले, आणि भाव चढले. लोकांनी ऑलिव्हची झाडं तोडून करंटचे वेल लावले. देशाच्या निर्यातीत निम्म्याहून मोठा वाटा या एका पिकाचा झाला. पात्रासच्या बंदरातून ऑगस्टअखेर बोटी भरून निघत. त्याआधीचे दोन-तीन आठवडे मात्र प्रत्येक घराचा जीव टांगणीला असे. तोडलेले घड खळ्यावर उन्हात पसरलेले, आणि त्यात एक अवकाळी सर आली की वर्षाचं पीक काळवंडून कुजायचं. सावकाराचं कर्ज तर वेलाला पानं फुटायच्या आधीच घेतलेलं असायचं.

फ्रान्सने कीडरोधक अमेरिकन खुंटांवर कलमं करून बागा पुन्हा उभ्या केल्या आणि १८९२ मध्ये आयातीवर जबर जकात बसवली. १८९३ मध्ये भाव कोसळले. त्याच वर्षी डिसेंबरात पंतप्रधान त्रिकुपिस यांनी देश दिवाळखोरीत गेल्याचं संसदेत जाहीर केलं. बेदाणा हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, पण परकी चलन येण्याचा मुख्य रस्ताच बंद झाला होता. १८९५ पासून सरकारने निर्यातदाराकडून मालाचा ठरावीक हिस्सा काढून घ्यायला सुरुवात केली, म्हणजे बाजारात माल कमी यावा आणि भाव टिकावा. पुढे करंटसाठी स्वतंत्र बँक काढली, मग मक्तेदार कंपनी काढली. भाव काही काळ सावरला, पण लागवड घटली नाही आणि साठा वाढतच राहिला. पेलोपोनीजच्या तरुणांनी अमेरिकेची वाट धरली. १८९० ते १९१४ या काळात ग्रीसमधून सुमारे साडेतीन लाख माणसं बाहेर गेली, आणि त्यांत जवळजवळ सगळे पुरुष होते. जमिनीची मालकी त्यांच्या घरात होती. एकाच पिकावर आणि एकाच परक्या गिऱ्हाइकावर उभं राहिल्यावर मालकीने काय वाचतं आणि काय वाचत नाही, हे करंटने दाखवलं.

थेसलीची कथा याहून कडू आहे. १८८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या करारान्वये थेसलीचं मोठं मैदान ग्रीसला मिळालं. करारात मुस्लिम जमीनमालकांच्या मालमत्तेची हमी दिली होती. त्यांच्यापैकी अनेकांनी इस्टेटी विकायला काढल्या आणि कॉन्स्टँटिनोपल, इजिप्त, रुमेनिया इथल्या धनाढ्य ग्रीकांनी त्या घेतल्या. झोग्राफोस, झाप्पास, सिंग्रोस ही त्यांतली मोठी नावं. यांतल्या काहींच्या देणग्यांतून अथेन्समध्ये भव्य इमारती उभ्या राहिल्या, हेही तितकंच खरं. त्रिकुपिस यांना रेल्वे आणि कालव्यांसाठी या लोकांचं भांडवल देशात हवं होतं, त्यामुळे त्यांना दुखवायचं नाही असं धोरण ठरलं.

गोम होती ती कायद्यात. ऑटोमन वहिवाटीत शेतकऱ्याला जमिनीवर, घरावर, गावच्या कुरणावर आणि सरपणावर रिवाजाचा हक्क होता. ग्रीक कायदा रोमन परंपरेतला. त्याच्या लेखी मालक एकच, आणि बाकीचे सगळे कराराने राहणारे, केव्हाही काढता येणारे. म्हणजे ज्या दिवशी थेसलीत ग्रीक झेंडा लागला, त्या दिवशी तिथल्या कुळांनी परक्या राजवटीतही टिकलेला हक्क गमावला. त्यांना कोलिगी म्हणत. पिकाचा तिसरा हिस्सा किंवा निम्मा मालकाला, घर मालकाचं, दाराशी लावलेलं झाडही मालकाचं. मालकाला गव्हापेक्षा कुरण परवडत होतं. हिवाळ्यात डोंगरातून उतरणाऱ्या मेंढपाळांना चराई देऊन रोख पैसा मिळे, तेव्हा जमीन पडीक ठेवण्यात त्याचं काहीच बिघडत नसे. मैदान सुपीक आणि देश बाहेरून गहू विकत घेतोय, असं दृश्य पुढे तीस वर्षं चाललं.

या अन्यायाविरुद्ध सर्वांत मोठ्याने बोलला तो मारिनोस अंतीपास, केफालोनिया बेटावरचा समाजवादी. टेंपे घाटाजवळ पिर्गेतोस इथल्या नातेवाइकाच्या इस्टेटीवर तो कारभारी म्हणून आला. कुळांना पिकाचा मोठा वाटा द्यायचा, रविवारी काम करायचं नाही, मुलांनी शाळेत जायचं, असं त्याने सांगायला सुरुवात केली. गावोगाव फिरून तो सभा घेई. मार्च १९०७ मध्ये एका देखरेख्याने त्याला गोळी घालून मारलं. मारेकरी निर्दोष सुटला. त्याच सुमारास बल्गेरियातून ग्रीक निर्वासित आले, तेव्हा सरकारने थेसलीत त्यांच्यासाठी जमीन विकत घेण्याचा कायदा ताबडतोब केला. थेसलीची कुळं मात्र पंचवीस वर्षं अर्ज करत होती.

६ मार्च १९१० हा दिवस ग्रीक शेतकऱ्याच्या तोंडपाठ आहे. त्या दिवशी लारिसा शहरात शेतकऱ्यांचा मेळावा होता. किलेलेर या लहानशा स्थानकावर जमलेल्या लोकांनी व्होलोसहून येणाऱ्या गाडीत बिनतिकिटाने चढू द्या म्हणून आग्रह धरला. गाडीत असलेल्या रेल्वेच्या अधिकाऱ्याने नकार दिला. डब्यांवर दगड आले, आणि गाडीतल्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या. पुढच्या स्थानकावरही तेच झालं. शेतकरी मेले, अनेक जखमी झाले. लारिसात घोडदळ लोकांवर धावून गेलं, तरी मेळावा झाला आणि जमिनी ताब्यात घेऊन वाटण्याची मागणी करणारा ठराव संसदेकडे पाठवला गेला. पकडलेल्या शेतकऱ्यांवर खटला चालला, ते निर्दोष ठरले. किलेलेरला आजही दर वर्षी मार्चमध्ये सभा भरते, आणि सगळ्या पक्षांचे पुढारी तिथे हजर राहतात.

त्याच वर्षी व्हेनिझेलोस पंतप्रधान म्हणून सत्तेवर आले. १९११ च्या घटनादुरुस्तीने सरकारला जमीन ताब्यात घेण्याची वाट रुंद झाली. आधी ‘सार्वजनिक गरज’ सिद्ध करावी लागे, आता ‘सार्वजनिक हित’ पुरेसं झालं. तरीही भरपाई आधी द्यायची अट होती, आणि पैसा नव्हता. बाल्कन युद्धांत मॅसेडोनियाची मैदानं आली, म्हणजे चिफ्लिक आणखी वाढले. १९१७ मध्ये व्हेनिझेलोस यांच्या थेसालोनिकीतल्या हंगामी सरकारने इस्टेटी मोडायचे हुकूम काढले. देश तेव्हा राजा आणि व्हेनिझेलोस यांच्या गटांत दुभंगला होता, नव्या प्रदेशांत पाठिंबा आणि सैनिक दोन्ही हवे होते. कायदा कागदावर उत्तम होता, पण अंमलबजावणी रखडली. १९२२ पर्यंत थोड्याच इस्टेटी प्रत्यक्ष वाटल्या गेल्या.

मग १९२२ चा पराभव झाला. ग्रीक सैन्य आशिया मायनरमध्ये मोडलं, स्मिर्ना जळालं, आणि जानेवारी १९२३ च्या लोझानच्या करारान्वये ग्रीस आणि तुर्कस्तान या दोन्ही देशांनी लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल मान्य केली. १९२८ च्या जनगणनेत निर्वासितांची संख्या १२ लाख २० हजारांच्या वर भरली, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा ६२ लाख. म्हणजे दर पाच माणसांत एक निर्वासित. दुसऱ्या बाजूने साडेतीन लाखांहून अधिक मुस्लिम ग्रीस सोडून गेले, आणि त्यांची शेतं-घरं रिकामी झाली. फेब्रुवारी १९२३ मध्ये प्लास्तिरास यांच्या क्रांतिकारी लष्करी सरकारने हुकूम काढला: इस्टेट आधी ताब्यात घ्या, भरपाई नंतर पाहू. चाळीस वर्षं अडलेला प्रश्न एका हुकमाने सुटला. जमीनमालकांचे पाठीराखे राजकारणात तेव्हा पार कोसळले होते, आणि उघड्यावर पडलेली दहा-बारा लाख माणसं बोल्शेविकांच्या वाटेला लागतील ही भीती सगळ्यांनाच होती. थेसलीच्या कोलिगींना त्यांची जमीन मिळाली ती या लाटेत.

निर्वासितांच्या वसाहतीचं काम राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालच्या आयोगाकडे होतं. अमेरिकेचे हेन्री मॉर्गेन्थॉ हे त्याचे पहिले अध्यक्ष. ग्रीक सरकारने किमान ५ लाख हेक्टर जमीन आयोगाच्या हवाली करायची होती, आणि १९२४ मध्ये परदेशात कर्ज उभारलं गेलं. या आयोगाचं काम मला विसाव्या शतकातल्या मोठ्या लोककार्यांपैकी एक वाटतं. १९३० मध्ये तो बंद झाला तोवर साडेपाच लाखांच्या आसपास माणसं खेड्यांत वसली होती, बहुतेक मॅसेडोनिया आणि थ्रेसमध्ये. एका कुटुंबाला काय मिळे? दोन खोल्यांचं घर, नाहीतर निघून गेलेल्या तुर्काचं घर. बैल किंवा घोडा. लोखंडी नांगर, बियाणं, पीक येईपर्यंतचा शिधा. आणि चिठ्ठ्या टाकून वाट्याला आलेली जमीन, एका ठिकाणी नव्हे तर तीन-चार ठिकाणी, कारण चांगली-हलकी सगळ्यांना सारखी मिळावी म्हणून प्रत्येक प्रतीच्या जमिनीतून वेगळा तुकडा. यातलं काहीच फुकट नव्हतं. प्रत्येक वस्तू कुटुंबाच्या नावे कर्ज म्हणून लिहिली जाई.

निर्वासितांनी आपली शेतीविद्याही बरोबर आणली. तंबाखूचे जाणकार कावाला-झांथीच्या पट्ट्यात बसले. क्रीटमध्ये स्मिर्नाकडच्या लोकांनी बिनबियांच्या सुलताना द्राक्षाची लागवड वाढवली. महाराष्ट्राशी एक खरा धागा इथे जुळतो: हाच वाण अमेरिकेत थॉम्पसन सीडलेस म्हणून नावारूपाला आला, आणि सांगली-नाशिककडे तो त्याच नावाने रुजला. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचा ‘तास-ए-गणेश’ हा त्याचाच निवडलेला प्रकार. क्रीटमधला बेदाणा आणि तासगावचा बेदाणा एकाच वेलाची लेकरं आहेत.

मॅसेडोनियाच्या मैदानात दलदल होती आणि दलदलीत हिवताप. पहिल्या काही वर्षांत वसाहतींत माणसं, विशेषतः लहान मुलं, पटापट गेली. १९३० च्या दशकातही देशात दर वर्षी दहा लाखांहून अधिक लोकांना हिवताप होई. अमेरिकन कंपन्यांकडून यान्नित्साचं तळं आटवलं गेलं, स्ट्रायमन नदीला बांध घातले गेले, हजारो हेक्टर नवी जमीन निघाली. हिवताप मात्र खऱ्या अर्थाने हटला तो १९४६ नंतर डीडीटीच्या फवारणीने.

१९३० च्या दशकाअखेर देशातल्या लागवडीच्या जमिनीपैकी पाचांत दोन हिस्से हात बदलून गेले होते, असा अंदाज दिला जातो. कम्युनिस्ट राजवटी येण्याआधीच्या युरोपात इतकं मोठं फेरवाटप क्वचितच कुठे झालं असेल. पण कुटुंबाच्या वाट्याला चार-पाच हेक्टर, तेही विखुरलेलं. बियाणं, खत, बैल सगळ्याला कर्ज हवं, आणि खासगी सावकार पूर्वीप्रमाणेच तिथे हजर. १९१५ मध्ये सहकारी संस्थांचा कायदा झाला होता. १९२९ मध्ये व्हेनिझेलोस यांनी कृषी बँक काढली. सरकारने गहू हमीभावाने घ्यायला सुरुवात केली, पापादाकिस यांच्यासारख्या कृषिशास्त्रज्ञांनी थेसालोनिकीच्या संस्थेत नवे वाण काढले, आणि दहा-बारा वर्षांत गव्हाचं उत्पादन दुपटीहून जास्त झालं. दुसरीकडे तंबाखूने करंटचीच पुनरावृत्ती केली. देशाच्या निर्यातीचा जवळपास निम्मा पैसा तंबाखूतून येत असताना १९२९ च्या मंदीत भाव पडले. १९३२ मध्ये सरकारने कर्जफेड थांबवली, आणि १९३७ मध्ये हुकूमशहा मेताक्सास यांनी शेतकऱ्यांच्या कर्जांना मुदत आणि सूट दिली. पीक बदललं होतं, पण घडी तीच होती.

महायुद्धाने या सगळ्यावर नांगर फिरवला. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अथेन्समध्ये माणसं रस्त्यावर उपासमारीने मेली. संपूर्ण परकी ताब्याच्या काळातल्या भूकबळींची संख्या काही लाखांत मोजतात. एक कारण ब्रिटिशांची नाकेबंदी, दुसरं जर्मनांची लूट, आणि तिसरं असं की निर्वासितांनी गव्हाखाली आणलेला पूर्व मॅसेडोनिया आणि थ्रेसचा मोठा पट्टा बल्गेरियाने गिळला होता. पुढे १९४६ ते १९४९ च्या यादवीत डोंगरातली गावं लष्कराने रिकामी केली. लाखो माणसं शहरांकडे गेली, त्यांतली बरीचशी परत फिरलीच नाहीत.

युद्धोत्तर काळातल्या दोन-तीन गोष्टी नोंदवायच्या. लामियाजवळ अंथिली गावाच्या खारवटलेल्या जमिनीत अमेरिकन मदत योजनेतले अभियंता वॉल्टर पॅकार्ड यांनी १९४९ मध्ये भात पिकवून दाखवला. गावकऱ्यांनी त्यांचा पुतळा उभारला. बिओशियातलं कोपाइस तळं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आटवून त्याची जमीन एका ब्रिटिश कंपनीने कुळांना लावली होती. हेच तळं मायसीनी काळात, तीन हजार वर्षांपूर्वीही, बांध-कालवे घालून कोरडं केलं गेलं होतं. कंपनीचा ताबा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला संपला आणि जमीन शेतकऱ्यांना मिळाली. मठांच्या जमिनीचा प्रश्न मात्र कधीच धड मिटला नाही. १९५२ मध्ये चर्च आणि सरकार यांच्यात करार होऊन काही जमीन वाटपाला आली. १९८७ मध्ये सरकारने उरलेल्या मठ-जमिनींवर कायदा केला, मठ स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले, आणि १९९४ मध्ये निकाल मुख्यतः मठांच्या बाजूने लागला.

त्या काळातला खरा बदल झाला तो माणसांच्या जाण्याने. १९६० मध्ये पश्चिम जर्मनीशी कामगार-करार झाला आणि उत्तरेकडची गावं कारखान्यांच्या वाटेला लागली, तीच गावं जिथे आयोगाने निर्वासित वसवले होते. १९६१ मध्ये देशातली निम्मी कामकरी माणसं शेतीत होती. आज दहांत एकाच्या आसपास आहे. पण माणसं गेली तरी शेतं मोठी झाली नाहीत. वारसाहक्काने सगळ्या मुलांत वाटणी होई, मुलीला हुंड्यात रान दिलं जाई (हुंड्याची कायदेशीर तरतूद १९८३ मध्ये रद्द झाली). म्युनिकमध्ये राहणारा भाऊ जमीन विकत नसे, कारण तीच त्याची म्हातारपणाची ठेव. सरकारने तुकडे एकत्र करण्याच्या योजना आखल्या, मैदानात काही जागी त्या यशस्वीही झाल्या, पण डोंगरात आणि बेटांवर नाही. आजही ग्रीक शेताची सरासरी पाच हेक्टरच्या आगेमागे आहे आणि तेही अनेक तुकड्यांत. आपल्याकडच्या तुकडेबंदी कायद्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

१ जानेवारी १९८१ रोजी ग्रीस युरोपीय समुदायात गेला. प्रवेशाच्या करारातच कापसाला आधार देण्याची खास तरतूद होती. थेसलीचं मैदान पांढरं झालं. युरोपातल्या कापसाचा सुमारे ८० टक्के हिस्सा आज ग्रीसचा आहे. गावांत पक्की घरं आली, मुलं शिकली, ट्रॅक्टर दारात आले. कोलिगीच्या नातवाला हे मिळालं याचा आनंदच मानला पाहिजे. पण कापूस उन्हाळ्यात पाणी मागतो, आणि थेसलीत उन्हाळ्यात पाऊस नाही. विहिरी खोल गेल्या, भूजल उतरलं, काही गावांत जमीन खचून घरांना तडे गेले. पश्चिमेकडची आखेलोस नदी बोगद्यातून थेसलीकडे वळवायची योजना दशकानुदशकं चालली; सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती पर्यावरणाच्या कारणाने वारंवार रद्द केली, आणि मेसोखोरा गावाजवळचं धरण बांधून तयार असूनही वर्षानुवर्षं कोरडं उभं राहिलं.

आज या शेतात राबतंय कोण, हेही सांगितलं पाहिजे. १९९१ नंतर अल्बेनियातून मजूर आले, पुढे बांगलादेश आणि पाकिस्तानातून. एप्रिल २०१३ मध्ये पेलोपोनीजमधल्या मानोलादा गावी स्ट्रॉबेरीच्या मळ्यात थकलेली मजुरी मागणाऱ्या बांगलादेशी कामगारांवर गोळीबार झाला आणि सुमारे तीस माणसं जखमी झाली. २०१७ मध्ये मानवी हक्क न्यायालयाने या प्रकरणात ग्रीसला सक्तमजुरी रोखण्यात कसूर केल्याबद्दल दोषी धरलं. ज्या देशाने कोलिगींना माणूस म्हणून उभं केलं, त्याने हे होऊ द्यायला नको होतं. जमीन कसणाऱ्याची व्हावी हे तत्त्व मान्य करणाऱ्या देशात, आता कसणाऱ्याकडे ना जमीन आहे ना कागद.

पतपुरवठ्याचं काय झालं, तेही पाहू. कृषी बँक कर्ज-संकटात बुडाली आणि जुलै २०१२ मध्ये तिचा चांगला भाग एका खासगी बँकेला दिला गेला. आज शेतकऱ्याची स्वतःची म्हणावी अशी बँक नाही. नोंदीचं काय? सर्व देशाच्या जमिनीची मोजणी आणि नोंदवही तयार करायचं काम १९९५ च्या कायद्याने सुरू झालं आणि तीस वर्षांनंतरही पुरं झालेलं नाही. जंगल कुठे संपतं, कुरण कुठे लागतं, चर्चचं काय, सरकारचं काय, याचे वाद त्यामुळे जिवंत आहेत. २०२५ मध्ये युरोपीय सरकारी वकील कार्यालयाच्या तपासातून जे बाहेर आलं ते याच पोकळीत घडलं होतं. ज्यांच्याकडे ना जनावरं ना कुरण अशा लोकांनी दूरच्या भागातली कुरणं आपली म्हणून दाखवून युरोपीय अनुदानं उचलली. अनुदान वाटणारी संस्था बंद करून तिचं काम महसूल खात्याकडे देण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला. खऱ्या शेतकऱ्यांचे पैसे मात्र चौकशीत अडकले, आणि त्या हिवाळ्यात ट्रॅक्टर पुन्हा रस्त्यावर आले.

सप्टेंबर २०२३ मध्ये डॅनियल वादळाने थेसलीवर एवढा पाऊस ओतला की मैदानाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. १९६२ मध्ये आटवलेलं कार्ला तळं, ज्याचा थोडाच भाग नंतर पुन्हा भरला होता, ते आपल्या जुन्या हद्दीपर्यंत पसरलं आणि शेतं, गोठे, कापसाचं उभं पीक महिनोन् महिने बुडालेलं राहिलं. त्यानंतर बोलावलेल्या डच तज्ज्ञांनी थेसलीसाठी आराखडा दिला. त्यात कापूस कमी करून कमी पाण्याची, जास्त किमतीची पिकं घ्यावीत असा सल्ला आहे. सल्ला बरोबर आहे असं मला वाटतं. पण फळबाग लावायची तर चार-पाच वर्षं उत्पन्न नाही, ठिबकला पैसे हवेत, माल ठेवायला शीतगृह हवं, आणि विकायला संघ हवा. पाच हेक्टरचा मालक हे एकट्याने करू शकत नाही. थेसलीच्या पाण्याचा कारभार पाहायला सरकारने आता एक नवी संस्था नेमली आहे. तिच्या पहिल्या कामांपैकी एक आहे मैदानातल्या सगळ्या विहिरी आणि बोअर यांची मोजदाद.